मासा, माशी आणि मीठ

फेब्रुवारीत मुलाने टांपाहून एक यादी पाठवली. एप्रिलमध्ये आम्ही दोघे फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, इस्लामोराडा नावाच्या बेटावर, चार दिवस मासे गरवायला जाणार होतो. तिथल्या उथळ समुद्रासाठी लागणारे सामान त्या यादीत होते. नऊ फुटी कार्बनची काठी, आठ नंबरची. त्याच नंबरची, उष्ण पाण्यासाठी खास बनवलेली दोरी. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचे रीळ, त्यात मुख्य दोरीमागे आणखी दोनशे यार्ड दोरा मावलाच पाहिजे. टोकाला फ्लुओरोकार्बनचा तंगूस. पोलरॉइड चष्मा. डोळ्यांच्या जागी धातूचे मणी बसवलेल्या पिसांच्या डझनभर माश्या. शेवटी एक ओळ : ‘बाबा, रत्नागिरीची गरी आणू नका.’

मी तेहेतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. धातू का गंजतो, हे दरवर्षी फळ्यावर लिहिले. त्यामुळे असेल, पण यादी वाचताना मला मासे दिसलेच नाहीत. मला दिसले ते मीठ, ऊन आणि चकाकी. या तिघांपैकी कोणाशी तरी झुंजण्यासाठीच यादीतली प्रत्येक वस्तू तिथे आली होती. मग साहजिक प्रश्न पडला, की या वस्तू नव्हत्या तेव्हा त्यांच्या जागी काय होते, आणि ते का गेले? प्रवासाच्या तयारीचे दोन महिने मी या प्रश्नामागे घालवले. सामान घेणे राहिले बाजूला.

आधी या प्रकाराविषयी थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या गरवण्याहून तो मुळातच वेगळा आहे. आपण गळाला कोळंबीचा तुकडा किंवा गांडूळ लावतो, शिशाचे वजन बांधतो आणि भिरकावतो. शिसे पुढे जाते, त्यामागे दोरा जातो. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून किड्याचे सोंग केलेले असते. त्याला इंग्रजीत ‘फ्लाय’ म्हणतात. आपण माशी म्हणू. तिला वजन जवळजवळ नसते, म्हणून ती फेकता येत नाही. वजन असते ते दोरीला. काठीने जाड दोरी हवेत मागे-पुढे उलगडायची आणि तिच्या लाटेवर बसून माशी पाण्यापर्यंत जायची. म्हणजे काठी, दोरी आणि माशी यांचा मेळ बसला नाही तर काहीच होत नाही. सामान निवडण्याचे एवढे स्तोम का, त्याचे उत्तर यात आहे.

ही कला थंड, गोड्या, वाहत्या पाण्याची. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या एका नदीवरचे लोक गळाला लाल लोकर गुंडाळून आणि कोंबड्याची पिसे बांधून मासे धरतात, असे लिहून ठेवले. इंग्लंडात १४९६ साली छापल्या गेलेल्या गळटाकीच्या प्रबंधात घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोरी कशी करायची ते दिले आहे. पुढची चारशे वर्षे हे शास्त्र ट्राउट आणि सॅमन या माशांभोवती वाढले. ओढ्याकाठचा सद्गृहस्थ, ढगाळ हवा, हातभर मासा. समुद्राला काय लागते हे या शास्त्राला कोणी विचारलेच नव्हते.

गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गळटाक्याच्या हातातली जवळजवळ प्रत्येक वस्तू दूरच्या, बहुधा उष्ण देशांतून आलेली असे. काठी ग्रीनहार्टची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलातल्या जड लाकडाची. दोरी रेशमाची, जवसाचे तेल पाजलेली. दोरी आणि माशी यांच्यामधला पारदर्शक धागा स्पेनमधल्या मुर्सियाचा. तो कसा करत, हे वाचून मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले. रेशमाचा किडा कोश विणायच्या बेतात आला की त्याला व्हिनेगरमध्ये बुडवायचे, मग त्याचे पोट फाडून रेशमाच्या दोन ग्रंथी काढायच्या आणि त्या हातांनी ताणून एकेक तार ओढायची. तार जेमतेम हातभर लांब. अशा तारा गाठी मारून जोडायच्या, तेव्हा कुठे नऊ फुटांचा धागा तयार होई. गळ तेवढे घरचे, रेडिच या इंग्लंडातल्या सुया बनवणाऱ्या गावचे.

आणि बांबू आपला. हे मला ठाऊक नव्हते, आणि यादीच्या निमित्ताने हाती लागलेल्या गोष्टींत मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच. बांबूच्या सहा उभ्या चिपा तासून, त्या एकमेकींना चिकटवून षट्कोनी काठी करायची युक्ती अमेरिकेत १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावच्या सॅम्युअल फिलिप या बंदूक बनवणाऱ्या कारागिराच्या हातून आकाराला आली. १८७० च्या दशकात मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने चिपा कापायचे यंत्र करून तिचा कारखाना केला. या काठ्यांसाठी लागणाऱ्या बांबूचे व्यापारातले नाव होते ‘कलकत्ता केन’. तो कलकत्त्याच्या बंदरातून जहाजात चढे म्हणून हे नाव. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत तो डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. आपल्याकडे यालाच मानवेल किंवा भरीव बांबू म्हणतात. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात तोच आहे. कलकत्त्याला जाणारा माल नेमका कोणत्या डोंगरातला, कोणी तोडलेला, याची नोंद अमेरिकेतल्या काठीवाल्यांनी ठेवली नाही. त्यांनी नोंद ठेवली ती तक्रारीची : या बांबूवर भाजल्याचे काळे डाग असत, आणि ते चुकवून चिपा काढताना बराच माल वाया जाई. डाग का पडत याबद्दल त्यांच्यात नाना कथा होत्या. कोणी म्हणे कीड मारायला भाजतात, कोणी म्हणे सरळ करायला, आणि कोणी त्याला कसल्याशा धार्मिक विधीचे रूप दिले. मानवेल तोडणाऱ्याला विचारायचे कोणाला सुचलेले दिसत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याची जागा ‘टोंकिन केन’ने घेतली. हे नावही फसवे. तो बांबू व्हिएतनाममधल्या टोंकिनचा नाही, दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातला. पेरे लांब, डाग नाहीत, तंतू दाट. त्याला शास्त्रीय नाव मिळायला १९३१ साल उजाडले. फ्लॉइड मॅक्लूर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने ते दिले. नावातच ‘अमॅबिलिस’, म्हणजे लोभस, असा शब्द आहे.

आता हे सगळे सामान उष्ण प्रदेशात परत आले की काय होई ते पाहू. कारण ते परत येत होते, साहेबाबरोबर. मद्रास सनदी सेवेतले हेन्री सलिव्हन थॉमस दक्षिण कॅनराचे कलेक्टर होते. त्यांचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये मंगळूरला छापले गेले. हिंदुस्थानात काठी-गळाने मासे धरू पाहणाऱ्या इंग्रजांचा तो धर्मग्रंथच झाला. त्यात मान महसीरला. पण पश्चिम किनाऱ्याच्या खाड्यांनाही जागा आहे. ट्राउटसाठी केलेला गळ महसीर जबड्यात चिरडून टाकतो, हे इंग्रज शिकाऱ्यांना इथे आल्यावर कळले. चिकटवलेल्या बांबूची कथा त्याहून साधी. काठीच्या सहा चिपा धरून ठेवणारा सरस जनावरांच्या कातड्यापासून केलेला असे आणि तो पाण्यात विरघळतो. कोकण-कर्नाटकाच्या पावसाळ्यात त्याचे काय होणार? वर वॉर्निश आणि रेशमी दोऱ्याचे जवळजवळ वेढे एवढाच आधार. रेशमी दोरीला पाजलेले जवसाचे तेल उकाड्यात चिकट होई. दोरी रोज उलगडून वाळवली नाही तर ती कुजे. स्पॅनिश तार कोरडी पडली की काचेसारखी तुटे, म्हणून ती ओल्या फेल्टच्या डबीत ठेवायची आणि वापरण्याआधी भिजवायची. भर उन्हात होडीत ती किती वेळ ओली राहणार?

तरी हे सारे गोड्या पाण्याजवळचे हाल. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पितळेतले जस्त हळूहळू निघून जाते आणि ठिसूळ तांबे मागे उरते. ॲल्युमिनियमच्या रिळात पोलादी स्क्रू असला आणि त्यावर खारे पाणी पडले की दोन धातूंचा चक्क विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. हे मी फळ्यावर कितीदा काढून दाखवले असेल!

खाऱ्या पाण्यात माशी टाकून पाहणारे अधूनमधून निघत होते. जेम्स हेन्शल या डॉक्टरांनी १८७८ च्या सुमारास फ्लोरिडाच्या खाजणांतून फिरताना ओढ्यातल्याच सामानाने समुद्री मासे धरले आणि १८८४ च्या प्रवासवर्णनात ते सांगितले. १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डब्ल्यू. एच. वूड यांनी टार्पन हा पुरुषभर लांबीचा मासा काठी आणि रिळाने, अर्थात आमिष लावून, धरला, तेव्हा श्रीमंत अमेरिकन हिवाळ्यात फ्लोरिडाकडे धावू लागले. इंग्रजी पुस्तकांत या नोंदींपुढे ‘पहिला’ हा शब्द हमखास असतो. तो वाचताना मला जरा हसू येते. त्या किनाऱ्यावर टार्पन आधीपासून खाल्ला जात होता. पहिले होते ते एवढेच, की पोटासाठी नव्हे तर हौसेसाठी. असो.

माझ्या यादीचा जन्म मात्र इस्लामोराडाच्या उथळ पाण्यात झाला, आणि तो बोनफिश या माशामुळे. हा मासा फार मोठा नाही. दोन-तीन किलोचा मिळाला तरी लोक फोटो काढतात. पण तो भरतीबरोबर गुडघाभर पाण्यात चरायला येतो, त्याच्या अंगावरचे खवले आरशासारखे असल्याने खालच्या वाळूचाच रंग दाखवतात, आणि गळ लागला की एका दमात शंभर यार्ड पळतो. ओढ्यातल्या ट्राउटला पळायला एवढी जागाच नसते. चुकूनमाकून माशीला लागलेल्या बोनफिशच्या गोष्टी १९२० च्या दशकापासून आहेत. ठरवून, पाहून, माशी टाकून तो धरण्याचे श्रेय बहुधा इस्लामोराडाचे कॅप्टन बिल स्मिथ यांना देतात, साल १९३९. त्याच्या चार वर्षे आधी, २ सप्टेंबर १९३५ च्या चक्रीवादळाने ही बेटे झोडपून काढली होती. श्रीमंतांचा लाँग की क्लब आणि त्यांना तिथवर आणणारी रेल्वे दोन्ही त्यात गेले. उरले ते होडीवाले. रेल्वेच्या पुलांवरून १९३८ मध्ये मोटाररस्ता झाला आणि साध्या गाड्यांतून येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकांबरोबर हे होडीवालेच नव्या सामानाचे परीक्षक झाले. यात तीन बहिणी होत्या. बॉनी ही बिल स्मिथची बायको, फ्रँकी ही जिमी अल्ब्राइटची, ज्याच्या नावाची गाठ आजही प्रत्येक रिळात असते, तिसरी ब्यूला. बॉनी आणि फ्रँकी स्वतः गाइड होत्या, होडी लांब काठीने ढकलत गिऱ्हाइकाला मासा दाखवणाऱ्या. जो ब्रुक्स या लेखकाने १९४७ मध्ये जिमीबरोबर बोनफिश धरला आणि १९५० मध्ये खाऱ्या पाण्यातल्या माशी-गळावर पुस्तक लिहिले, तेव्हा जगाला हे कळले. सामानाच्या इतिहासात कंपन्यांची नावे मोठ्या अक्षरांत असतात. मला वाटते, काय टाकायचे आणि काय ठेवायचे हे या होडीवाल्यांनी ठरवले. आणि त्यांच्याही आधी मिठाने.

मिठाने पहिला बळी घेतला तो स्पॅनिश तारेचा आणि रेशमाचा. ड्यू पाँट कंपनीने ऑक्टोबर १९३८ मध्ये नायलॉन जाहीर केले. ते भिजवावे लागत नव्हते, कुजत नव्हते, आणि हवे तितके लांब मिळत होते. इथे मला माझे आजोबा आठवले. त्यांच्या वेळी आमच्याकडचे कोळी सुताची आणि तागाची जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून काढत, म्हणजे सालीतल्या टॅनिनने ती खाऱ्या पाण्यात चार दिवस जास्त टिकत. काढ्याची हंडी चढली की अख्ख्या आळीला त्याचा तुरट वास येई. नायलॉन आले आणि त्या हंड्या गेल्या. मुर्सियातला किडा आणि रत्नागिरीची हंडी एकाच शोधाने निवृत्त झाली, हे मला या यादीने दाखवले.

पण नायलॉनने एक घोळही घातला. रेशमी दोऱ्यांना अक्षरे असत : एच.सी.एच., जी.बी.एफ. वगैरे. प्रत्येक अक्षर म्हणजे दोरीची जाडी. सगळ्या दोऱ्या रेशमाच्या असत तोवर जाडी सांगितली की वजन कळे. नायलॉन रेशमाहून हलके. पुढे १९५० च्या दशकात पी.व्ही.सी.चे वेष्टण दिलेल्या, तरंगणाऱ्या दोऱ्या आल्या, त्यांची घनता आणखी निराळी. अक्षरे तीच, वजने भलतीच, काठी वाकेचना. शेवटी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या सामान बनवणाऱ्यांच्या संघटनेने ठरवले, की दोरीच्या पहिल्या ३० फुटांचे वजन करायचे आणि त्यावरून नंबर द्यायचा. आठ नंबर म्हणजे २१० ग्रेन. आपल्या मापात सव्वा तोळ्याला किंचित कमी. बारा नंबर ३८० ग्रेन, दोन तोळ्यांहून थोडे जास्त. ओढ्यावर चार-पाच नंबर पुरतो. समुद्रावरचा वारा आणि जड माशी यांना आठाखाली चालत नाही, आणि टार्पनला बारा. मुलाच्या यादीतला ‘आठ’ हा आकडा असा आला. ‘उष्ण पाण्यासाठी’ हे शब्द आले ते गाभ्यामुळे. थंड प्रदेशासाठीची दोरी कडक उन्हात शेवयांसारखी लुळी पडते, म्हणून ताठ गाभ्याची वेगळी दोरी करतात. तीच थंडीत वापरली तर तिची वेटोळी सुटत नाहीत.

बांबूला मात्र मीठ नव्हे, राजकारण नडले. डिसेंबर १९५० मध्ये कोरियाच्या युद्धापायी अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि टोंकिन केन वीस वर्षे यायचा थांबला. तोवर फायबरग्लासच्या पोकळ काठ्या निघालेल्याच होत्या. न कुजणाऱ्या, होडीत कशाही पडलेल्या चालणाऱ्या. १९७३ मध्ये कार्बन तंतूंची काठी बाजारात आली आणि बांबू हौसेपुरता उरला.

रिळाबद्दल खूप लिहिता येईल, थोडक्यात सांगतो. ट्राउटच्या रिळात ब्रेकची गरज जवळजवळ नसे, ते केवळ दोरी ठेवायचे भांडे. बोनफिश पळू लागला की त्याचा मुठीचा दांडा गरगर फिरून बोटांची सालटी काढी. १९५० च्या दशकापासून मायामीतल्या यंत्रशाळांत, विमानाच्या सुट्या भागांसारखी नेमकी कातलेली रिळे होऊ लागली. बॉब मॅक्रिस्चन यांचे सीमास्टर हे त्यांतले गाजलेले. आत बुचाची मोठी चकती, तिच्या घर्षणाने माशाला आवर घालायचा. बाहेर ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा थर मुद्दाम चढवायचा. गंज टाळण्यासाठी धातूला आधीच नियंत्रित गंज चढवून ठेवायचा, असे मी मुलांना सांगत असे. त्यांना ते आवडे.

चष्म्याला या यादीत मी पहिला नंबर देईन. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची कंपने बरीचशी आडव्या दिशेत असतात. एडविन लँड यांच्या पोलरॉइड पटलाचे चष्मे १९३० च्या दशकात आले. ते ही आडवी कंपने गाळतात आणि पाण्याचा आरसा पुसला जातो. ठरवून बोनफिश धरल्याचे पहिले साल या चष्म्यांच्या पाठोपाठ यावे, यात मला योगायोग वाटत नाही. दिसला नाही तर माशी टाकणार कोणावर? हे माझे अनुमान आहे, पण मी ते सोडायला तयार नाही.

माशीही बदलली. १९७७ मध्ये बहामाच्या अँड्रोस बेटावर कॅलिफोर्नियाच्या बॉब नॉहाइम यांनी स्थानिक गाइड चार्ली स्मिथ यांच्याबरोबर जी माशी वापरली, ती पुढे ‘क्रेझी चार्ली’ म्हणून जगभर गेली. दिव्याच्या साखळीत असतात तसले धातूचे मणी तिच्या डोळ्यांच्या जागी. वजन वरच्या बाजूला बांधल्याने ती पाण्यात उलटी होते, गळाचे टोक वर राहते आणि तळाच्या गवतात अडकत नाही. किड्याचे सोंग जाऊन कोळंबीचे आले. आमच्या आजोबांनी खरी कोळंबी लावली असती, हा मुद्दा मी मुलापुढे मांडला.

‘‘बाबा, मग मजा काय?’’

‘‘खायला मिळतो ही.’’

तिथे कोणी खात नाही. धरायचा, फोटो काढायचा, सोडायचा. बोनफिशमध्ये काटेही फार.

चार दिवसांत मी एकही धरला नाही. गाइड म्हणे, ‘अकरा वाजता, चाळीस फूट’; मला घड्याळातले अकरा कळत, मासा दिसत नसे. तिसऱ्या दिवशी दुपारी वाळूवर एक सावली सरकताना दिसली, सावलीच्या वर काहीच नव्हते. मी पाहत राहिलो आणि माशी टाकायची राहिली. मुलाला दोन मिळाले.

पहिल्या संध्याकाळी मी थकून तसाच झोपलो होतो. सकाळी रिळाचा ब्रेक करकरू लागला, आणि मुठीच्या स्क्रूभोवती पांढरी बुरशीसारखी पूड जमलेली दिसली. मुलाने माझ्याकडे पाहिले. ‘‘बाबा, तुम्ही गंज शिकवत होतात ना?’’

त्यानंतर रोज रात्री न्हाणीघरात दिवा लावून मी रीळ नळाच्या बारीक धारेखाली धुतले, टॉवेलने टिपले, ब्रेक सैल करून खिडकीत ठेवले. दोरी पुढून तीस फुटांपर्यंत ओल्या फडक्यातून ओढून घेतली. फडक्यावर उमटलेला पांढरा पट्टा जिभेला लावून पाहिला. मिऱ्याच्या खाडीइतकाच खारट.